छत्तीस मिनिटं आणि वरची चौदा

मी डोळखांबकडे गेले ती एका विद्यार्थिनीला अर्धे मार्क द्यायला. अर्धेच. पूर्ण द्यायचा माझा अजिबात विचार नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझी अब्रू फारशी शिल्लक राहत नाही, आणि वाचणाऱ्याला ते आधी ठाऊक असलेलं बरं.

विद्यार्थिनीचं वय आज छप्पन्न-सत्तावन्न. माझं सदुसष्ट. मी तेविशीची असताना पुण्याहून त्या बाजूच्या एका शाळेत भूगोल शिकवायला गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही. त्या विद्यार्थिनीनं, चांगुणेनं, मना केलंय. "लोक सावल्या बघायला येतील बाई, आमचे वाल तुडवतील," म्हणाली.

त्या तेविशीतल्या बाईंची आधी ओळख करून देते. इस्त्रीची साडी, खांद्याला पिन, उन्हात छत्री आणि डाव्या मनगटावर वडिलांनी नोकरी लागल्याबद्दल दिलेलं घड्याळ. रोज सकाळी रेडिओची टिकटिक ऐकून त्या ते घड्याळ लावायच्या, आणि मग त्यावरून शाळेचं भिंतीवरचं घड्याळ. सगळ्या पंचक्रोशीत बरोबर वेळ फक्त आपल्याकडे आहे, अशी त्यांची खात्री होती. गावातले लोक कोंबडा, ऊन आणि एसटी यांवर दिवस काढायचे, त्याची त्यांना फार कीव यायची. आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली तर मी तिची छत्री काढून घेईन.

पुणे: माळ्यावरची वही

गेल्या थंडीत माळा आवरायला काढला. जुन्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली, खाकी कव्हर घातलेली एक वही निघाली. वर नाव: चांगुणा, इयत्ता सातवी. पाहिल्याबरोबर मी ती बंद केली. कुणाची आहे आणि माझ्याकडे का आहे, हे मला लगेच आठवलं होतं.

चांगुणा आमच्या शाळेची घंटा द्यायची. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. घड्याळात बघून टोल द्यायचा, म्हणून ती दाराजवळ बसायची. शाळेला लागूनच तिच्या बापाचं खळं होतं, भात मळायचं. मधोमध मेढ, म्हणजे लाकडाचा खांब, आणि तिच्याभोवती बैल फिरायचे. त्या खळ्यावर शेणाच्या सारवणात एक रेघ ओढलेली असायची. मेढीची सावली रेघेवर आली की दुपार झाली. बैल सोडायचे, भाकरी खायची. चांगुणेला रोज घड्याळ दिसायचं आणि रोज रेघही दिसायची. तिनं दोन्ही एका वहीत लिहायला सुरुवात केली. सांगितलं कुणीच नव्हतं.

त्या वर्षी शहापूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या शाळेतून चार मुलं जाणार होती आणि चौथं नाव चांगुणेचं होतं. ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी बघितलं. दिवाळीनंतर सावली रेघेवर आली तेव्हा घड्याळात बारा वीस. नाताळच्या आठवड्यात बारा छत्तीस. संक्रांतीला बारा पंचेचाळीस. माघात बारा पन्नास.

ती म्हणाली, "बाई, दिवाळीत लवकर येते नि आता उशिरा येते. सावली अशी सरकते कशी?"

आणि तेविशीतल्या बाई वर्गासमोर म्हणाल्या, "सावली नाही सरकत चांगुणा, तुझं लक्ष सरकतं."

वर्ग हसला. मी लाल शाईनं शेवटच्या पानावर लिहिलं, दुपार बारालाच होते, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि खाली एक शून्य काढलं. छान गोल शून्य, अजून तसंच आहे. तिचं नाव कापून सरपंचांच्या पुतण्याचं घातलं. त्यानं ज्वालामुखी केला होता, त्यातून सोडा वर यायचा. वही मी तपासायला म्हणून ठेवून घेतली. परीक्षा झाली, माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडून पुण्याला आले, वही पेटीत आली. चांगुणा मार्चनंतर शाळेत दिसली नव्हती, एवढं मात्र मला आठवत होतं. का दिसली नाही, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

चव्वेचाळीस वर्षांनी, माळ्याखाली स्टुलावर बसून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी हिशोब मांडला. तोच हिशोब, जो मी त्याच वर्गात फळ्यावर शंभर वेळा मांडला होता. पृथ्वी चोवीस तासांत एक गिरकी घेते, तीनशेसाठ अंशांची. म्हणजे तासाला पंधरा अंश, एका अंशाला चार मिनिटं. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे. डोळखांबची बाजू साडेत्र्याहत्तरच्या आसपास. फरक नऊ अंश. नऊ चोक छत्तीस. मिर्झापूरच्या माथ्यावर सूर्य आला की सगळ्या देशाच्या घड्याळात बारा वाजतात, पण त्या वेळी डोळखांबला पोचायला सूर्याला अजून छत्तीस मिनिटं चालायचं असतं.

म्हणजे चांगुणेच्या खळ्यावर बाराला दुपार होणं शक्यच नव्हतं. मी या पोरांकडून लंडनला बारा वाजले तर टोकियोत किती, ही गणितं घोकून घेतली. शहापूरचं स्टेशन न पाहिलेली पोरं टोकियोची वेळ सांगायची. पण हाच गुणाकार शाळेच्या कुंपणाशेजारच्या मेढीला लागू होतो, हे पदवीधर बाईंच्या डोक्यात आलं नाही.

तरी अंगातली बाई मरत नाही. मी वही परत वाचली आणि म्हटलं, बाराचा आग्रह माझा चुकला, मान्य. पण बरोबर उत्तर बारा छत्तीस. पोरीचा तो एकच आकडा, नाताळातला, बरोबर आहे. बाकीचे सोळा मिनिटं अलीकडे, चौदा मिनिटं पलीकडे. म्हणजे निरीक्षण ढिसाळच. शून्य अन्याय होता, पूर्ण मार्क लाड होतील. अर्धे द्यावेत.

आणि शाळा माझ्यामुळे सुटली का, हेही एकदा तिच्या तोंडून ऐकून घ्यावं. झोप त्यानं जात होती, मार्कांनी नाही.

मुरबाड: नणंदेचं घर

माळशेज मी एसटीनं उतरले. फेब्रुवारीत माळशेजला कुणी फोटो काढायला थांबत नाही, म्हणून तो बघायला बरा. गवत वाळून पिवळंफटक झालेलं, कडे कोरडे, आणि मध्येच एखादी काटेसावर पान नसलेल्या फांद्यांवर लालभडक फुलं घेऊन उभी. खाली टोकावड्याच्या बाजूला शेतांतून राबासाठी तोडलेल्या फांद्यांचे ढीग रचलेले. पावसाआधी ते जाळायचे आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. तेविशीतल्या बाईंनी हे ढीग प्रथम पाहिले तेव्हा "केवढा कचरा" असं म्हटलं होतं. कंडक्टरनं तेव्हा तसं तोंड का केलं होतं ते मला आज कळलं.

मुरबाडला माझी नणंद विमल असते. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, चाळीस वर्षं तिथेच नांदलेली, आणि जिभेला धार. मी वहीची गोष्ट सांगेपर्यंत तिनं वालाच्या शेंगा निवडून संपवल्या.

"वहिनी, अर्धे मार्क द्यायला कुणी इतक्या लांब येतं? पोस्टानं पाठवायचे."

"मार्क हातात द्यायचे असतात."

"आणि तिनं हातात काही दिलं तर? उदाहरणार्थ, केरसुणी?"

"तर खाईन मार. पण मोजून दाखवीन आधी. बारा छत्तीसला सावली रेघेवर येणार म्हणजे येणार."

"अजून खात्री गेली नाही तुमची," ती म्हणाली. तेव्हाच मी ऐकायला हवं होतं.

रात्री तिनं वालाचं बिरडं, जवळा घातलेलं वांगं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. आमच्याकडे पुण्याला भाकरी ही पाहुण्यांना हौसेनं दाखवायची वस्तू झालीय, सोबत लोण्याचा गोळा वगैरे. विमलकडे भाकरी भाकरीसारखी येते, म्हणजे तिसरी नको म्हणता येत नाही. पांघरायला म्हसाच्या जत्रेतली घोंगडी. टोचते, पण थंडी आत येत नाही.

सकाळी गच्चीवरून सिद्धगड दिसला, धुरकट निळा. मी घड्याळ लावलं. रेडिओवर नाही, फोनवरून. पण मनगटावर वडिलांचंच घड्याळ आहे, पट्टा चौथा.

"मी पण येते," विमल म्हणाली. "हे बघायला मला आवडेल."

डोळखांबच्या पुढे

मुरबाडहून किन्हवलीपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये आमच्यासोबत दोन गॅसचे सिलिंडर, एक कोंबडा आणि कंपनीतून रात्रपाळी करून परतणारी चार पोरं. ती पोरं झोपली होती आणि कोंबडा जागा होता. एका वळणावर विमलच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं पिशवीतून सुतळी काढली, चप्पल पायाला गुंडाळून बांधली आणि म्हणाली, "चला, निदान एकीची तरी पूर्वतयारी झाली." त्याचा अर्थ मला तासाभरानं कळला.

रस्ता चढत गेला तशी भातखाचरं अरुंद झाली. सगळी रिकामी, कापणीची खुंटं उरलेली. मी शाळा ओळखली ती आंब्यावरून. इमारत नवी, रंगवलेली. रुळाचा तुकडा मात्र आंब्यालाच होता.

चांगुणा कुठे राहते हे विचारायला लागलंच नाही. आम्ही जीपमधून उतरताना एक बाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून घेतलेली, कपाळावर गोंदण, कमरेला मोबाईलची पिशवी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे.

"ह्ये घड्याळ मी वळखते," ती म्हणाली. "तुमी बाई नाय का? भूगोलाच्या?"

मी हो म्हटलं. पुढे काय बोलायचं ते मी जीपमध्ये तीन वेळा पाठ केलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"छत्री कुठं तुमची?"

"हरवली."

"बरं झालं," ती म्हणाली. "या घरात. ऊन लई हाये."

चांगुणा लग्न करून गेली होती ती फक्त खालच्या पाड्यात. बापामागे भाऊ नाही, म्हणून जमीन कसायला ती आणि नवरा परत इकडेच आले. नवरा तीन वर्षांमागे गेला. मुलगा आसनगावहून गाडी पकडून कामाला जातो, सून घरात. सुनेनं कोरा चहा दिला, गुळाचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे आधी "पाय धुवा" म्हणतात, आणि ते सांगणं नसतं, हुकूम असतो.

मी वही काढून तिच्यासमोर ठेवली.

तिनं हात लावला नाही. पदरानं हात पुसले, मग परत पुसले, मग उचलली. पान पान उलटत शेवटच्या पानावर आली. लाल शाई बघितली.

"तुमी ठेवली होती व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं टाकून दिली."

"चांगुणा, बाराचा माझा आग्रह चुकीचा होता." एवढं बोलल्यावर मला धीर आला आणि मी शिकवायला लागले. कुणी थांबवत नसलं की मी शिकवतेच. साडेब्याऐंशी, साडेत्र्याहत्तर, नऊ अंश, नऊ चोक छत्तीस. ती नीट ऐकत होती. विमल भिंतीला टेकून शेंगदाणे खात होती.

"म्हणजे तुमच्या खळ्यावर दुपार होते बारा छत्तीसला," मी म्हटलं. "रोज. बाराही महिने. तुझा नाताळचा आकडा बरोबर होता. म्हणून मी तुला अर्धे मार्क द्यायला आलेय."

"अर्धे," चांगुणा म्हणाली. तिनं सुनेकडे पाहिलं. सून तोंडाला पदर लावून चुलीकडे गेली.

"आता किती वाजलं?"

मी घड्याळ पाहिलं. "बारा वीस."

"मग चला. मेढ अजून हाये."

खळं

भात आता मशिनवर झोडतात. पण खळं तिनं मोडलं नाही. वाल, मिरच्या, पापड सगळं तिथे वाळतं. सारवलेलं, गोल, मधोमध तीच मेढ, खैराची. आणि मेढीच्या बुंध्यापासून उत्तरेकडे गेलेली रेघ, चुन्याची. दर वर्षी बाप जशी काढायचा तशीच ती काढते, कशी ते तिनं सांगितलं. सकाळी मेढीच्या सावलीचं टोक खळ्याच्या काठाला शिवतं तिथे एक खडा ठेवायचा. दुपारनंतर टोक पुन्हा काठाला शिवतं तिथे दुसरा. दोन खड्यांमध्ये दोरी ताणून तिचा मध्य काढायचा, आणि मेढीपासून मध्यापर्यंत रेघ. भूगोलाच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे. इथे याला रेघ म्हणतात.

मी तरातरा पुढे निघाले.

"बाई, वाहणा."

खळ्यावर चप्पल चालत नाही. हे मला चव्वेचाळीस वर्षांपूर्वीही सांगितलं होतं, तेव्हा तेविशीतल्या बाई सँडल घालून थेट मेढीपर्यंत गेल्या होत्या आणि चांगुणेच्या बापानं नंतर ती जागा पुन्हा सारवली होती. मी चपला काढल्या. विमल सुतळी सोडायचा विचारही न करता काठाबाहेर आंब्याच्या सावलीत बसली. खळ्यावर वाहणा काढाव्या लागतात हे तिला ठाऊक होतं; हीच तिची पूर्वतयारी.

बारा पस्तीस. सावली रेघेच्या डाव्या अंगाला, पश्चिमेकडे, चांगली चार बोटं दूर. सारवण तापलेलं होतं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर आले.

बारा छत्तीस. सावली जागच्या जागी.

"येईल," मी म्हटलं.

बारा अडतीस. "मेढ कलली असेल," मी म्हटलं. चांगुणेनं कमरेच्या पिशवीची सुतळी सोडली, तिला दगड बांधला आणि मेढीशेजारी लोंबकळत धरली. मेढ सरळ होती. माझ्यापेक्षा सरळ.

बारा बेचाळीस. "रेघ चुकली असेल."

"बापाची रेघ हाये ती," चांगुणा म्हणाली, आवाज न चढवता.

"वहिनी," विमल आंब्याखालून म्हणाली, "नाचताय का हो?"

"पाय भाजताहेत."

"तसंच म्हणते मी."

बारा पंचेचाळीस. एक बोट उरलं. चांगुणा माझ्याकडे बघत नव्हती, सावलीकडेही नाही. समोरच्या डोंगराकडे बघत उभी होती, एसटी येणारच हे माहीत असलेला माणूस उभा राहतो तशी. मी घड्याळावरचा काटा आणि जमिनीवरची सावलीची कड यांच्यात मान खालीवर करत होते. सावली चुन्याला लागली. अर्धा चुना झाकला गेला. मग रेघ नेमकी सावलीच्या मधोमध.

"किती?" चांगुणेनं विचारलं.

बारा पन्नास.

तिनं वही उघडली आणि माघाच्या पानावर बोट ठेवलं. तेरा वर्षांच्या पोरीचं अक्षर, पेन्सिलीचं, फिकट झालेलं. बारा पन्नास.

मी तिथेच खळ्यावर बसले. बसल्यावर दुसरीकडे भाजायला लागलं ते वेगळं.

"दिवाळीत बारा इसाला येते," चांगुणा म्हणाली. "अजून. दर वर्षी. हल्ली मोबाईल हाये, मी बघते कधीमधी. नाताळात छत्तीस, आता पन्नास. माझं लक्ष नाय सरकत, बाई. कधी सरकलं नव्हतं."

हे वाक्य तिनं चव्वेचाळीस वर्षं तयार ठेवलं होतं, आणि ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारायचं ते तेव्हा विचारलं. "शाळा माझ्यामुळे सोडलीस का?"

ती माझ्याशेजारी उकिडवी बसली. "आईचं बाळंतपण होतं. धाकट्या दोन बहिणी होत्या. मीच मोठी. शाळा सुटणारच होती. पण बाप म्हणला व्हता, पोर शहापूरला जाऊन बक्षीस आणते तर आठवी करू दे. तवा एक वरीस मिळालं असतं. जास्त नाय. एक वरीस."

समजूत घालायला आलेली माणसं मला आवडत नाहीत, आणि इथे तर अपराधी मीच. एक वर्ष. ते कुठल्या रेखांशावरून मिळवून द्यायचं?

"बाई," ती म्हणाली, "तवा मी विचारलेलं, आता तरी सांगा. सरकते कशी?"

आणि मला उत्तर येत नव्हतं.

खरं सांगते. आयुष्यभर भूगोल शिकवला, पुण्याला येऊनही पंचवीस वर्षं शिकवला, पण पुस्तकात छत्तीस मिनिटांपाशी धडा संपायचा. त्याच्यापुढची चौदा मिनिटं अभ्यासक्रमात नव्हती, म्हणून ती जगातही नाहीत असं मी धरून चालले होते. तेविशीतल्या बाईंनी या जागी काहीतरी ठोकून दिलं असतं. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"मला माहीत नाही, चांगुणा."

तिनं मान हलवली. समाधान झाल्यासारखी. "मग शिकून सांगा," ती म्हणाली.

मी पिशवीतून पेन काढलं. लाल पेन मी मुद्दाम आणलं होतं, अर्धे मार्क लिहायला. ते शून्य खोडलं आणि दहापैकी दहा लिहिले. खाली तारीख घातली आणि सही केली. तिनं अक्षर सुकेपर्यंत वहीवर फुंकर मारली. मग वही माझ्याच हातात परत दिली.

"ही तुझी आहे," मी म्हटलं.

"माझी हायेच. पण माघापुढची पानं कोरी हायेत. तुमी नेली व्हती ना? मग तुमीच भरा. फाल्गुन, चैत, वैशाख. पाऊस लागेतो."

विमल आंब्याखालून एवढ्या जोरात हसली की फांदीवरचा कावळा उडाला.

जेवायला नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाच्या शेंगा मिठात उकडलेल्या. तळपाय असे चुरचुरत होते की सुनेनं खोबरेल आणून दिलं. पुण्यात बारा वाजले की भूक लागते, कारण घड्याळात बारा वाजलेले असतात. इथे सावली रेघेवरून उतरल्याशिवाय कुणी ताटावर बसलं नाही, आणि त्या दिवशी मला जी भूक लागली होती ती बरोबर वेळेला लागली होती असं मला वाटलं.

निघताना चांगुणेनं माझा फोन नंबर स्वतःच्या फोनमध्ये घातला. नावाच्या जागी काय टाकलं ते सुनेनं वाचून दाखवलं: भूगोल बाई, उत्तर बाकी.

पुन्हा पुणे

आमच्या गच्चीवर सध्या तुळशीच्या रिकाम्या कुंडीत एक सरळ बांबू रोवलेला आहे, भोवती खडूचं वर्तुळ, दोन खडे आणि एक रेघ. सोसायटीच्या लोकांनी आधी वास्तुशास्त्राचं काहीतरी समजून नमस्कार केले. मी करू दिले. रोज बारा चाळीसला मी वर जाते, अनवाणी. पुणं डोळखांबच्या थोडं पूर्वेला, म्हणून इथली सावली तिथल्यापेक्षा दीडएक मिनिट आधी रेघेवर येते; तेवढं मिळवून मी चांगुणेच्या वहीत लिहिते. फाल्गुन लागला तसा आकडा खाली यायला लागला. पोरीचं बरोबर होतं. सरकते.

का सरकते तेही शिकले. तीन पुस्तकं लागली आणि एका ओळखीच्या खगोलवाल्या प्राध्यापकांनी चिडून दोनदा समजावलं. मग फोन लावला.

"चांगुणा, लक्ष दे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, मेढीभोवती बैल फिरतो तशी. पण तिची वाट अगदी गोल नाही. एका बाजूला ती मेढीच्या जवळून जाते, तिथे भरभर चालते. दुसऱ्या बाजूला लांबून जाते, तिथे सावकाश. घड्याळ मात्र धरून चालतं की बैल रोज सारखाच चालला. म्हणून घड्याळ आणि सावली यांच्यात कधी पुढे, कधी मागे होतं. शिवाय पृथ्वी चालताना एका अंगाला कललेली असते, त्याचाही फरक पडतो."

पलीकडे, मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"म्हणजे बैल सारखा चालत नाय," चांगुणा म्हणाली.

"हो."

"ह्ये मला तवाच म्हाईत व्हतं. चंद्र्या बैल सांजच्याला घराकडची बाजू आली की पळायचा." मग ती विचार करून म्हणाली, "पहिलं बरोबर सांगितलंत. कललेल्याचं नीट नाय सांगितलं. नुसतं 'त्याचाही फरक पडतो' म्हणलात. कसा पडतो?"

मी घोटाळले. ते मला स्वतःलाच अजून धड कळलेलं नाही.

"किती मार्क?" मी विचारलं.

"अर्धे," चांगुणा म्हणाली. "बाकीचे पाडव्याला, खळ्यावर येऊन. वाहणा काढून."